पागोचा रविवार

सोमवारी सकाळी अपिया बंदरातल्या बोट कचेरीचं दार उघडलं, नव्या प्रणालीचे सगळे कॉम्प्युटर ओळीने उजळले, आणि प्रत्येक पडद्यावर ठसठशीत अक्षरांत एकच आज्ञा उमटली: ‘आज रविवार. प्रभूचा दिवस. कामाला हात लावू नये. घरी जावे.’

पेसामिनोने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. आज्ञा कायम होती. शुक्रवार दुपारपासून त्याने एकट्याने या यंत्रांमधली जुनी, कुरकुरणारी प्रणाली खरवडून काढली होती आणि नवी बसवली होती. शनिवारी शेवटचा पडदा उजळला तेव्हा कचेरीत कुणी नाही याची खात्री करून तो त्या निळ्या प्रकाशाकडे बघून हसलाही होता. माणसांशी बोलताना त्याचे शब्द घशातच वस्तीला राहत. यंत्रं मात्र त्याचं ऐकत. निदान आजवर ऐकत आली होती.

“पेसामिनो,” तिकिटांच्या खिडकीवरच्या लुपेमावशींनी मान न वळवता विचारलं, “काल मी नवा झगा घालून चर्चमध्ये बसले होते, तो वार कुठला रे?”

“रविवार, मावशी.”

“आणि आज?”

“सोमवार.”

“हे मला कशाला सांगतोस? याला सांग.” त्यांनी पडद्याच्या कपाळावर बोट ठेवलं. “बाहेर सवाई बेटाच्या बोटीची रांग लागलीय. त्यांना काय सांगू? बोट उद्या आहे, कारण आज कालच चाललाय?”

पेसामिनोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे. मिनिटाचाही फरक नव्हता. शनिवारीही त्याने असंच ताडून पाहिलं होतं, मनगटावरच्या घड्याळाशीसुद्धा. वेळ इतकी अचूक आणि वार इतका चुकीचा, हे त्याच्या बुद्धीला झेपेना.

रविवारी यंत्रं बंद पाडणारी ती आज्ञा मात्र त्याने स्वतःच घातलेली होती. मागे एकदा गोदामावरचा फालानिको ऐन रविवारी कचेरीत पत्ते खेळताना सापडला होता. हाताशी दुसरा गडी नसल्यामुळे तो कॉम्प्युटरशी खेळत होता, आणि हरत होता. तेव्हा कचेरीच्या प्रमुख माकेरिताबाई, ज्यांचे यजमान चर्चच्या कारभारी वडीलधाऱ्यांपैकी एक होते, त्यांनी फर्मान काढलं होतं की रविवारी एकही यंत्र चालता कामा नये. “माझंही नाही, तुझंही नाही. मी रडले तरी उघडायचं नाही,” असं त्यांनी बजावलं होतं. पेसामिनोने ते शब्दशः पाळलं होतं.

तोच फालानिको आता पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. दरवाजात मावणार नाही असा देह, आणि गावच्या शर्यतीच्या होडीचा तो कप्तान.

“मशीन म्हणतंय घरी जा,” तो म्हणाला. “मागच्या वेळी रविवारी मशीनला हात लावला म्हणून बाईंनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. आता ऐकतो.”

“फालानिकोदादा, पण आज सोमवार...”

“तू बोलू नकोस, पोरा. तू बोलूच नकोस.” त्याचा आवाज एकाएकी खाली आला. “माझ्या पोरांच्या तळहातांची सालटी निघालीत वल्ही मारून. आणि तू शनिवारी मशीनं धूत बसलास.”

तो निघाला. त्याच्या मागोमाग, सोमवारच्या सकाळी मनातून रविवारच जपणारे आणखी चौघेपाचजण हळूच निघाले. पेसामिनोने मान खाली घातली, कारण फालानिकोचा राग खरा होता.

शेजारच्या बेटावरच्या पागो बंदरातली होड्यांची शर्यत दोन आठवड्यांवर आली होती. चाळीसहून अधिक वल्ही असलेली गावची लांबलचक होडी, आणि तिच्यात निम्मी बोट कचेरी. कित्येक महिने ही माणसं पहाटे पाण्यात घाम गाळून मग कामावर येत होती. पागोच्या मंडळाने कळवलं होतं की नावं आणि कागदपत्रं कॉम्प्युटरवरून पाठवायची आणि मुदत रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत. माकेरिताबाईंच्या हिशेबी रविवार हा दिवस कामासाठी जन्मालाच आलेला नव्हता. म्हणजे मुदत शनिवार. पण एका वल्हेकऱ्याचा डॉक्टरी दाखला शनिवारी दुपारी हाती आला, आणि त्या वेळी कचेरीतली सगळी यंत्रं पेसामिनोच्या हाताखाली बेशुद्ध पडली होती. ती शुद्धीवर येईतो शनिवार मावळला.

रविवारी चर्चमध्ये त्याच्या बाकावर दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली होती. दुपारी नारळाच्या रसात शिजलेली अळूची पानं त्याच्या ताटात गार झाली. 

“पेसामिनो!”

माकेरिताबाई आल्या होत्या. त्यांनी एका पडद्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडे.

“हे मी लिहून दिलेलं वाक्य आहे,” त्या म्हणाल्या.

“हो, बाई.”

“छान दिसतंय. पण आज का दिसतंय?”

“शोधतो, बाई.”

“शोध. होडी तू बुडवलीस, ती पाण्यात न उतरवताच. आता कचेरीही बुडव.” त्या खुर्चीत बसल्या. “ऑकलंडचा तो माणूस म्हणालाच होता, असली कामं घरच्या पोरांवर सोडू नका. दुपारपर्यंत ही यंत्रं सोमवारात आली नाहीत, तर मी त्याला बोलावते. तुझी जागा त्याची. आई तुझी माझ्या मांडीला मांडी लावून भजनं म्हणते, म्हणून मला बोलताना त्रास होतोय. पण बोलतेय.”

खिडकीबाहेर रांग चुळबुळू लागली होती. रांगेत पुढेच चर्चचे पाळकसाहेब उभे होते, हातात नीरफणसांची टोपली घेऊन. पडद्यावरचा रविवार त्यांनाही काचेतून दिसला होता.

“लुपे,” त्यांनी चिंतातुर आवाजात विचारलं, “खरंच रविवार असेल का गं? माझ्याकडे दुसरं प्रवचन तयार नाही.”

“साहेब, कालचंच म्हणा. निम्मे लोक झोपलेच होते.”

रांग खदखदून हसली. लुपेमावशींनी वहीची पानं फाडून त्यांवर हाताने तिकिटं लिहायला घेतली.

पेसामिनो आतल्या लहान खोलीत गेला. तिथे कचेरीचा मुख्य सर्व्हर गार हवेत एकसुरी गुणगुणत असे, आणि पेसामिनोला ती गुणगुण समुद्रापेक्षा जवळची वाटे. ज्या मूळ नमुन्यावरून त्याने सगळ्या यंत्रांच्या प्रती काढल्या होत्या, तो नमुना त्याने उघडला. नमुन्यात एक चूक राहिली की ती प्रत्येक यंत्रात इमानाने उतरते, हे आठवून त्याने एकेक नोंद तपासायला घेतली. भाषा बरोबर. कळफलक बरोबर. मग देशोदेशीच्या वेळांची यादी आली, आणि तो थांबला.

अपियाची वेळ निवडायची, तिथे त्याने पागोची निवडली होती.

दोन्ही बेटं शेजारी. विमानाने जाताना कपभर कोकोही संपत नाही. घड्याळं तंतोतंत सारखी, फक्त अपियाने पूर्वी कॅलेंडरातला एक अख्खा दिवस गाळून टाकल्यापासून पागो एका दिवसाने मागे असे. तास नाही, मिनिट नाही, नेमका दिवस. म्हणूनच भिंतीवरच्या घड्याळाने त्याला शनिवारी इतक्या प्रेमाने फसवलं होतं.

त्याने दुरुस्ती केली. आता प्रत्येक यंत्र एकदा बंद करून चालू केलं की ते सर्व्हरला विचारणार आणि सोमवारात येणार. नोकरी वाचली. सुटकेचा श्वास टाकून तो उठला आणि उठता उठता तसाच पुन्हा खाली बसला.

ही यंत्रं खोटं बोलतच नव्हती. पागोत आज खरोखर रविवार होता.

तो बाहेर धावत आला. धावण्याची सवय नसल्यामुळे त्याचा पाय वायरीत अडकला आणि तो माकेरिताबाईंच्या टेबलावर पोटावरच येऊन पडला.

“पागो,” तो म्हणाला. “बाई, पागो.”

“काय झालं पागोला?”

“पागोत आज रविवार आहे. मुदत रविवारी पाचची. त्यांच्या रविवारी. आज. अजून आहे, बाई, सगळा दिवस पडलाय.”

कचेरीतल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग लुपेमावशींनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि स्वतःच्या कपाळावर थापटी मारली.

“अगं बाई! माझी सख्खी बहीण तिथे राहते. काल तिला वाढदिवसाचा फोन केला तर म्हणाली, ताई, माझा वाढदिवस उद्या आहे! तरी डोक्यात आलं नाही.”

“कुणाच्याच आलं नाही,” कुणीतरी म्हणालं. “शनिवार संध्याकाळपासून आपण नुसतं सुतक पाळतोय.”

माकेरिताबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला, आणि आला तसा मावळला.

“पण तिथे रविवार आहे,” त्या हळू म्हणाल्या.

“हो, म्हणूनच तर...”

“म्हणजे आपलं काम रविवारी पोचणार. रविवारी काम केल्यासारखंच झालं ते. नाही. मला जमायचं नाही.”

सगळ्यांनी एकदम खिडकीकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी टोपली या हातातून त्या हातात घेतली. इतकी माणसं एका वेळी त्यांच्याकडे लक्ष देऊन बघताहेत, असं पुष्कळ दिवसांनी घडत होतं.

“माकेरिता,” ते गंभीरपणे म्हणाले, “तू बटण दाबशील तेव्हा तुझं बोट कुठल्या वारात असेल?”

“सोमवारात.”

“देव बोट बघतो. तिकडे रविवारी घेणाऱ्याने का घेतलं, ते त्यांचा पाळक बघेल. आणि,” त्यांनी आवाज उतरवला, “माझा पुतण्या तिसऱ्या वल्ह्यावर आहे. दाब लवकर.”

मग मात्र धांदल उडाली. पेसामिनो टेबलाटेबलाशी जाऊन यंत्रं बंद करू लागला आणि एकेक यंत्र उठून सोमवारात येऊ लागलं, तशा लुपेमावशी मोठ्याने वार्ता देऊ लागल्या: “हिशेब खातं सोमवार! चौकशी सोमवार! तिकिटं सोमवार!” प्रत्येक घोषणेला रांगेतून आरोळी उठू लागली. वल्हेकऱ्यांची छायाचित्रं आणि कागद पेसामिनोने सर्व्हरवर जपून ठेवले होते. त्यातलं एकही हरवलं नव्हतं. फक्त शनिवारी आलेला तो डॉक्टरी दाखला नव्हता. तो फालानिकोच्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि फालानिको घरी झोपला होता.

लुपेमावशींनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

“फालानिको, ऊठ. कचेरीत ये. दाखला घेऊन ये.”

“आज रविवार आहे,” जड आवाज आला. “मशीननं सांगितलंय.”

“अरे, इथे सोमवार आहे! रविवार पागोत आहे!”

“मग मी पागोतला समज.”

“मुदत पागोच्या रविवारची आहे, मेल्या! आज पाचपर्यंत! होडी जातेय!”

पलीकडे काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज झाला, बहुधा पलंग. नंतर फोनवर कुणीच नव्हतं.

तो आला तेव्हा सवाईच्या बोटीचा पहिला भोंगा झाला होता, पण रांगेतलं एकही माणूस बोटीकडे सरकलं नव्हतं. फालानिकोने कमरेचं लुंगीवस्त्र एका हाताने आवळलं होतं, दुसऱ्या हातात दाखला उंच धरला होता, आणि त्याच्या मागे अर्धी गल्ली धावत आली होती. दाखला घामाने ओला होता. पेसामिनोने तो पंख्यासमोर धरला, त्याची प्रत काढली आणि शेवटच्या रिकाम्या चौकटीत बसवली.

“बाई,” तो म्हणाला. “बटण.”

माकेरिताबाईंनी डोळे मिटले, ओठातल्या ओठात काही पुटपुटल्या आणि सोमवारच्या बोटाने बटण दाबलं.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग पागोहून उत्तर आलं: ‘नोंद झाली. शर्यतीत आपले स्वागत.’

जो आरडाओरडा झाला, त्याने बंदरातल्या समुद्रपक्ष्यांना उडवलं. फालानिकोने पेसामिनोला काखेत धरून उचललं आणि कचेरीभर फिरवलं. चष्मा कुठे पडला ते पेसामिनोला कळलं नाही. सगळं धूसर, सोनेरी आणि फार मोठ्याने हसणारं झालं होतं. पाळकसाहेबांनी स्तोत्राचा पहिला सूर लावला, रांगेने तो उचलला, आणि बोटीच्या तांडेलाने दुसरा भोंगा द्यायच्या ऐवजी खाली उतरून मंद्र सप्तकातली बाजू सांभाळली. इतक्या आवाजांत आपलाही आवाज आहे, हे पेसामिनोच्या जरा उशिराच ध्यानात आलं.

संध्याकाळी माकेरिताबाईंनी ऑकलंडच्या माणसाला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग त्या उत्तराचा छापील कागद त्यांनी चौकटीत घालून भिंतीवर लावला. त्यावर पागोच्या शिक्क्यात ‘रविवार’ हा शब्द स्पष्ट होता. दुसऱ्या दिवशी त्या शब्दावर जास्वंदीचं एक कागदी फूल चिकटवलेलं दिसलं.

होडी यथावकाश जहाजावर चढली, मंगळवारी निघाली आणि सोमवारी पोचली. शर्यतीत ती पहिली आली, तेव्हा लुपेमावशी म्हणाल्या की एक दिवस आधी पोचणाऱ्यांना कोण हरवणार.

पेसामिनोची नेमणूक कायम झाली, आणि त्याच दिवशी बाईंनी त्याला पहिलं काम सांगितलं. “माझं एक यंत्र पागोच्या वारावरच राहू दे,” त्या म्हणाल्या. “पुन्हा अशी मुदत चुकायला नको.”

“ठेवतो, बाई. पण तुम्ही लिहून दिलेली आज्ञा? ती काढू का त्या यंत्रातून?”

“आज्ञा प्रभूच्या दिवसाची आहे,” माकेरिताबाई कडक आवाजात म्हणाल्या. “ती कशी काढशील?”

पेसामिनोने ती काढली नाही. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी माकेरिताबाई वेळेवर कचेरीत येतात, आपल्या टेबलाशी बसतात, पडद्यावरची आज्ञा श्रद्धेने वाचतात, आणि घरी जातात.