बिनफौजेचे कर्नल सबनीस

आमच्या सुकापूरच्या सोसायटीत एखादी मोडकी वस्तू फेकायची म्हटली, की आधी तिला सबनीसांच्या तावडीतून सुटावं लागतं. जिन्याखालची तीन पायांची खुर्ची असो नाहीतर गच्चीवरचा गंजका अँटेना, सबनीस तिच्यावर चिठ्ठी चिकटवतात : 'ही वस्तू काढायची आहे. कोणी वापरत असल्यास कृपया सांगावे.' मग निवांत वाट बघत बसतात. एकदा मी चपला दाराबाहेर विसरून गावाला गेलो. परत येऊन बघतो तर चपलांवर चिठ्ठी!

हे सबनीस माझ्या समोरच्या दारात राहतात, एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी परदेशात असते. सगळे त्यांना कर्नलसाहेब म्हणतात. ते राहायला आले तेव्हा आमचे सेक्रेटरी पाटील यांनी विचारलं, "काय करता आपण?" सबनीस म्हणाले, "कर्नलमध्ये आहे." पाटलांनी तिथल्या तिथे टाचा जुळवल्या आणि सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन त्यांच्या हस्ते ठरवून टाकलं.

आयत्या वेळी झेंड्याखाली उभं राहून सबनीसांनी खुलासा केला. "अहो, मी फौजेतला नाही. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. सगळ्या यंत्राला चालवणारा आतला प्रोग्राम. मी त्याच्यावर काम करतो."

पाटील त्यांच्या कानाशी लागले. "समजलं साहेब. सिक्रेट काम असतं. तुम्ही फक्त सलामी घ्या."

सबनीसांनी मुकाट्याने सलामी घेतली. तेव्हापासून दरवर्षी घेतात.

त्यानंतर ड्रायव्हरांचा घोळ झाला. सबनीस पार्किंगमध्ये येरझारा घालत फोनवर बोलत होते, "जुने ड्रायव्हर आता ठेवायचे नाहीत. नवी पद्धत शिकतील तेवढेच राहतील." शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर इक्बाल हे ऐकून थेट माझ्याकडे आला. "भाऊ, कर्नलसाहेब आपल्यावर खफा झालेत काय? गाडी जुनी नाय, फक्त रंग गेलाय."

मी त्याला घेऊन सबनीसांकडे गेलो. त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि समजावून सांगितलं. संगणकाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा एक छोटा प्रोग्राम असतो, तो ड्रायव्हर. गाभ्याशी बोलायची त्याची एक ठरलेली वाट असते. वाट जुनी झाली की तिथून बिघाड शिरतात, मग ती बंद करावी लागते.

"मग टाका की बंद करून," मी म्हणालो.

पंगतीत जेवत बसलेल्या माणसाला मी उठवायला सांगितल्यासारखं सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं. "बंद करायला काय लागतं हो? त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला आधी नव्या वाटेवर नेऊन सोडायचं. शेवटचा माणूस पोचला की मग बंद."

खरं सांगतो, त्या दिवसापासून मी या माणसाकडे तोंडाचा आ करून बघतो. बँकेत, इस्पितळात, कुणाकुणाच्या खिशातल्या फोनात तो गाभा चालतो म्हणे. जगभरातली माणसं मिळून त्याची काळजी घेतात, आणि त्यातला एक कोपरा आमच्या समोरच्या दारात, बर्म्युडा घालून शेंगा सोलणाऱ्या सबनीसांच्या हाती आहे. काम चोख झालं तर कुणाला काही कळतच नाही. एवढं मोठं काम इतक्या गुपचूप करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी त्यांची अशीच एक जुनी वाट बंद व्हायची होती. सगळे ड्रायव्हर नव्या वाटेवर आले, फक्त एक उरला. तो अंधांसाठीच्या ब्रेल पट्टीचा होता. संगणकावरची ओळ त्या पट्टीवर ठिपक्यांनी उमटते आणि बोटांनी वाचता येते. पट्टी बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. सबनीसांनी जगाला विचारलं, कोणी वापरतंय का? महिनोन्‌महिने उत्तर नाही. परदेशातले सहकारी म्हणाले, टाका काढून. सबनीस अडून बसले.

आणि मग दोन ओळींची मेल आली. 'मी वापरते. काढू नये. हिराबाई, आपटा.'

सबनीस माझं दार बडवत आले. "अहो, आपटा! सगळ्या जगाला विचारलं, आणि हे आपलं पाताळगंगेवरचं आपटा!" मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमची गाडी काढता का? मला चालवता येत नाही." जन्मभर ड्रायव्हरांत काढलेल्या माणसाने हे सांगावं! हसू आवरत मी गाडी काढली.

हिराबाई लहानपणापासून अंध. टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या, भावाच्या घराशेजारच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. भाच्याने संगणक लावून दिला होता, आणि सबनीसांचा प्रश्न त्यानेच कुठेतरी वाचून आत्याला कळवला होता. "ही पट्टी गेली तं मी परत आंधली व्हईन ओ साहेब," त्या म्हणाल्या. सबनीस चष्मा पुसत राहिले.

त्या एका पट्टीसाठी त्यांनी तो ड्रायव्हर नव्याने लिहायला घेतला. दर रविवारी आम्ही आपट्याला जात होतो. एका रविवारी पट्टी नव्या वाटेने बोलू लागली. हिराबाईंची बोटं सरसर धावली आणि पेपरातली बातमी त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. जुनी वाट बंद झाली. जगात कुणाला काही कळलं नाही.

तरी आमच्या फेऱ्या चालूच राहिल्या. हिराबाईंच्या तक्रारी संपेनात. आज ठिपका अडकतो, उद्या ओळ उशिरा येते. परवा सबनीस नदीवर पाय मोकळे करायला गेले, तेव्हा मी विचारलं, "ताई, एवढं काय बिघडतं हो?"

"काय नाय बिघडत," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन कवाची बरी हाय. पन तसा बोल्ले तं साहेब कशाला येतील? घरी त्यांच्याशी बोलायला कोन हाय? हितं येतात तं दोन घास खातात, लेकीचं सांगतात. तुमी बोलू नका त्यांना."

मी मान हलवली. मग त्यांना दिसत नाही हे आठवून म्हणालो, "नाही बोलत."

परतताना सबनीस मांडीवर भाकरी आणि सुक्या जवळ्याचा डबा धरून बसले होते. मग म्हणाले, "तुम्हाला एक सांगतो, कुठे बोलू नका. ताईंच्या पट्टीत काहीही दोष नाही. मी घरी बसून नेटवरून रोज तपासतो. पण एकट्या असतात हो बिचाऱ्या. कोणी आलं-गेलं की बरं वाटतं त्यांना."

मला हसू येत होतं आणि समोरचा रस्ता धूसर दिसत होता. मी गिअर बदलला आणि विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता निघू या?"