चाळणकाका आणि मम्मीची शुगर

ब्लॉगवर प्लगिन, म्हणजे एखादं जास्तीचं काम करणारं जोडसॉफ्टवेअर, टाकलं की ते घरी राहायला येतं. बॅग घेऊन येतं, चप्पल दाराबाहेर काढतं आणि विचारतं, कुठं बसू? आमच्या बार्शीत यात कुणाला काही नवीन नाही. शेजारच्या गुंड आडनावाच्यांकडं सात प्लगिनं आहेत, म्हणून त्यांचं घर उघडायला लय वेळ लागतो. बेल वाजवायची, कोपऱ्यावर चहा पिऊन यायचं, तवर दार उघडतं.

माझा ब्लॉग 'मंग्याच्या खोड्या'. सरांच्या स्कूटरच्या सीटखाली गूळ ठेवून मुंग्या कशा बोलवायच्या, असलं शैक्षणिक लिखाण. दहावीत दोन विषय उडाले तरी लिखाण थांबवलं नाही. वाचणारी एकच, आमची सारिकाताई. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून पप्पांनी तिचा नंबर घरातल्या सगळ्या फोनवर बंद केलेला. मग ती माझ्या प्रत्येक खोडीखाली कमेंट टाकायची, "मम्मीची शुगर किती आहे?" मी आकडा टाकायचो. ती लिहायची, "गोळी चुकवू देऊ नको." ते मी गॅसपाशी उभं राहून मम्मीला वाचून दाखवायचो. त्या दिवशी भाजी चांगली व्हायची.

पप्पांचं भांड्यांचं दुकान. एक दिवस म्हणाले, "एवढं बडवत बसतोस, तर त्यात दुकानाचं पण टाक की. पण आधी तो ब्लॉग माणसात आण."

माझं वय बसत नाही म्हणून खातं पप्पांच्या मोबाईलवर काढलेलं. म्हणजे ॲडमिन पप्पा, मी नुसता लेखक. ओटीपी सगळे त्यांनाच. प्लगिनं निवडायला आम्ही दोघं बसलो. पप्पांनी लय बारीक चौकशी केली. शेवटचं अपडेट कधी झालं, किती घरांत चालू आहे, लोकांनी किती तारे दिलेत, कुणाशी भांडण होतं का. ताईच्या नवऱ्याच्या वेळी एवढं विचारलं नव्हतं. तेव्हा फक्त आडनाव विचारलेलं.

तीन आले. पहिली झटपटमावशी, वेग वाढवायला. ती एकदा मिळालेलं उत्तर जपून ठेवते आणि परत कुणी विचारलं की तेच देते. आत जाऊन बघायला लागत नाही, तेवढाच वेळ वाचतो. दुसरा पुढेपुढे नावाचा तरुण, ब्लॉग शोधात वर आणायला. तो साधं पाणी मागतानासुद्धा "बार्शीतलं उत्तम स्टीलच्या पेल्यातलं पाणी द्या" म्हणायचा. आणि तिसरे चाळणकाका, फालतू कमेंटा काढायला. सोमवारी बाथरूममध्ये जाऊन अपडेट व्हायचे आणि वेगळ्या मिशा घेऊन बाहेर यायचे.

बॅकअपवाला पण आलेला. म्हणाला, घरातल्या सगळ्यांची एकेक नक्कल करून माळ्यावर ठेवतो, वेळेला उपयोगी पडते. पप्पांनी त्याला दारातूनच वाटेला लावला. "आहेत तीच जास्त झालीत," म्हणाले.

चाळणकाकांनी पहिल्याच दिवशी टक्कल घालवणारे आणि वशीकरणवाले उचलून फेकले. मग ताईची कमेंट उचलली.

"काका, ती माझी ताई आहे."

"पोस्टचा विषय काय?"

"स्कूटर आणि मुंग्या."

"आणि या बाई विचारतात शुगर. विषयाला धरून नाही. त्यात तेच वाक्य पुन्हा पुन्हा."

"मुंग्या कशाला येतात काका? गुळाला. गुळात काय असतं? शुगर. धरून आहे की."

 "प्रयत्न चांगला आहे," काका म्हणाले आणि कमेंट खिशात घातली.

उत्तर येईना म्हणून ताई स्वतःच आली. दारात उभी, हातात मेथ्यांची पिशवी. पप्पा दुकानात होते, मम्मी आत पोळ्या लाटत होती.

"मंग्या, मम्मीची शुगर किती आहे रे?"

चाळणकाकांनी तिला अदबीनं कोपराला धरलं आणि परसातल्या पत्र्याच्या खोलीत नेऊन बसवलं. ते आमचं स्पॅम, फालतू ठरलेलं कोंडायची जागा. जुना कूलर तिथंच असतो. "महिनाभर राहतील," काका म्हणाले. "मग अख्खी खोली आपोआप साफ होते. ॲडमिननं 'स्पॅम नाही' म्हटलं तर आजच सोडतो."

मी पळत दुकानात गेलो. "पप्पा, ताई स्पॅममध्ये बसलीय. तिला सोडायला तुमच्या मोबाईलवर ओटीपी आला असंल, तेवढा सांगा."

पप्पा कुकरच्या रिंगा खिळ्याला अडकवत होते. मोबाईल वाजला. त्यांनी आकडे बघितले, नीट वाचले.

"कुठली ताई?" म्हणाले आणि मोबाईल गल्ल्यावर पालथा ठेवला. ओटीपी मेला. तसा रोज एक मारला त्यांनी.

चार दिवस गेले. मग एका जेवणाला पप्पा डब्यांचं सांगत होते, की हल्ली लोकांना झाकण काचेचं लागतं.

"माझी लेक जेवली का?" मम्मी म्हणाली.

"मी डब्यांचं बोलतोय."

"माझी लेक जेवली का?"

"अगं डबे..."

"माझी लेक जेवली का?"

चाळणकाकांनी ताट सरकवलं, हात धुतले. "वहिनी, माफ करा. विषयाला धरून नाही, आणि तेच ते आहे."

"म्हणूनच म्हणतेय," मम्मी म्हणाली आणि उठली. गोळ्यांचं पाकीट आधीच पदराला बांधलेलं होतं.

मग परसातून दोघींच्या हसण्याचा आवाज यायला लागला. मी पत्र्याखालून भाकरी सरकवायचो. आतून ताई शुगरचा आकडा ओरडून सांगायची, कमी झालेला. रात्री पप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. ओटीपी येतच होते. दोनदा मी त्यांना मोबाईल हातात धरून परसाच्या दारापर्यंत जाताना बघितलं. दाराला हात लावून माघारी आले.

महिना भरला त्या सकाळी चाळणकाका उठलेसुद्धा नाहीत. आपोआपच होतं ते. खोलीत फक्त कूलर होता.

"घर आता पटकन उघडतंय," झटपटमावशी म्हणाली. पुढेपुढेनं सांगितलं की दुकान शोधात पहिलं आलं.

पप्पा म्हणाले, "त्या बॅकअपवाल्याला बोलव."

"बोलवा," चाळणकाका म्हणाले. "पण तो जे आहे त्याचीच नक्कल करतो."

त्या रात्री जेवताना पप्पा कढयांचं सांगत होते. मध्येच थांबले आणि म्हणाले, "हिची शुगर किती होती?"

चाळणकाका जेवत राहिले.

"हिची शुगर किती होती?"

"मंजूर," काका म्हणाले.

"विषयाला धरून आहे का हे?"

"नाही."

"तिसऱ्यांदा म्हणतो. हिची शुगर किती होती?"

"साहेब, ॲडमिनचं बोलणं स्पॅम होत नाही. थेट मंजूर असतं. आमटी वाढा."

पप्पा हात वाळेपर्यंत बसून राहिले. मग झटपटमावशीला म्हणाले, "ही कुठाय?"

"आत आहेत," मावशी लगेच म्हणाली. "पोळ्या लाटतायत."

"पप्पा, ती जुनं उत्तर देतीय," मी म्हणालो. "तिचं साठवलेलं साफ करायला पाहिजे. हे बघा, ओटीपी आला."

पप्पांनी मोबाईल उचलला, आकडे बघितले आणि ताटाशेजारी पालथा ठेवला.

"मावशी," ते म्हणाले, "ही कुठाय?"