दरडीतली बाळंतीण

आमच्या पिंप्राळ्यातल्या इंदूअक्का बाजारातसुद्धा कुजबुजतात. भरिताची वांगी कशी दिली, हे त्या इतक्या दबक्या आवाजात विचारतात की भाजीवालाही इकडेतिकडे बघून कानातच भाव सांगतो. रिक्षावाल्याने हॉर्न दिला की म्हणतात, "हळू! दचकेल ना!" कोण दचकेल, हे तो बिचारा मागच्या सीटवर शोधतो.

दचकणारा असतो तिकडे दूर ओढ्यावरचा तिबोटी खंड्या. सातपुड्याच्या पायथ्याला सरकारी दवाखान्यात अक्का नर्स होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या आणि या पक्ष्याच्या नादी लागल्या. चिमणीएवढा जीव, पोट पिवळं, पाठ निळी-जांभळी आणि चोच मात्र कुणाकडून उसनी आणल्यासारखी, लांबलचक, लालभडक. "पायाला तीनच बोटं," अक्का कौतुकाने सांगतात, "पण काही अडलं का त्याचं?"

या पावसाळ्यात माझ्या स्कूटरवर मागे बसून त्या मला पायथ्याच्या एका ओढ्यावर घेऊन गेल्या. दरडीच्या मातीत मुठीएवढं बीळ होतं, आत पिल्लं. नर सापसुरळी घेऊन आला, फांदीवर आपटून आपटून मऊ केली आणि आत शिरला. बिळातून भयंकर वास येत होता. मी नाक दाबलं.

"बाळंतिणीची खोली आहे, अत्तर कुठून येणार?" अक्का रागावल्या. कुजबुजतच.

पुढच्या खेपेला गेलो तर दरडीसमोर जेसीबी. रस्त्याच्या भरावाला माती हवी होती. अक्का छत्री उघडून त्याच्या दातांपुढे उभ्या राहिल्या आणि चक्क ओरडल्या, "बंद कर मशीन! मझार बाळंतीण शे!"

ड्रायव्हर घाबरून खाली उतरला आणि आत बाळंतीण असलेली झोपडी शोधू लागला. "कोठे शे, अक्का?"

अक्कांनी बीळ दाखवलं. तो हसणार, इतक्यात नर चोचीत खेकडा घेऊन आला आणि आम्हा तिघांना बघून फांदीवरच अडला. ड्रायव्हर आपोआप दोन पावलं मागे सरकला. मग त्याने फोन लावला, "शेठ, आठे निस्ता दगड शेतस. पल्याड जास."

समोर दगड एकही नव्हता, लोण्यासारखी मऊ माती होती.

पिल्लं उडाली त्या दिवशी आम्ही तिथेच होतो. एक बाहेर आलं, धडपडलं, झाडीत गेलं. मागून दुसरं. अक्का टाळ्या पिटतील असं मला वाटलं होतं. त्या मान उंचावून पानांत शोधत होत्या.

"झालं, अक्का. निघायचं?"

"दवाखान्यात इतकी पोरं झाली माझ्या हातावर," त्या झाडीकडे बघत म्हणाल्या. "पुसली, गुंडाळली, आईजवळ दिली. पुढे कुणाचं नाव काय ठेवलं, कोण कुठे गेलं, मला कोण सांगणार? याचं तरी बघू दे, कुठवर जातंय."

पानाआड काहीतरी निळं हललं. मी स्कूटरची चावी परत खिशात टाकली.