लिफ्टचा घसा

आमच्या कंपनीच्या चाळीस लिफ्टमध्ये माझाच आवाज घुमणार, हे मी सगळ्या नातेवाइकांना आधीच कळवून टाकलं होतं! बावीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त करतो. खाली खड्ड्यात उभं राहून वरच्या माणसाला ओरडून सांगता सांगता आवाज असा कमावला, की साहेब स्वतः म्हणाले, "दार बंद होत आहे, हे तुमच्याच तोंडून लोकांना ऐकवायचं." शुक्रवारी अकराला रेकॉर्डिंग. आणि सोमवारी उठतो तो घशात कफाचा गोळा! खाकरलं की हलायचा, पुन्हा जागेवर येऊन बसायचा.

माझं डोकं फिरलं. राग काढायचा कुणावर, एवढाच प्रश्न होता. पहिला नंबर मांजरीचा लागला. ही अ‍ॅलर्जीच, असं ठरवून मी तिची रवानगी मेहुणीकडे केली. बायकोनं अबोला धरला. घसा तसाच! मग धुळीवर संशय घेतला. रजा टाकून पडदे, गाद्या, उशा झटकल्या, तर नाकही वाहायला लागलं. स्टोअरकीपर म्हणाला, सायनस असेल. टेलिफोनवर बसणारी म्हणाली, थायरॉइड तपासा. दोघांनाही मी नको ते बोललो. साहेबांनी, काळजीनंही घसा दाटतो म्हणून सुचवलं, तेव्हा फक्त त्यांच्या पदाकडे पाहून गप्प बसलो.

बुधवारी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घालून पाहिलं. मांजर निर्दोष निघाली. पोटातलं आम्ल वर येत होतं.

"रात्री जेवल्यावर काय करता?" त्यांनी विचारलं.

"आडवा होतो. दिवसभर जिने चढून पाय मोडतात."

"लिफ्टवाले आणि जिने?"

"बंद पडलेली लिफ्ट मला वर नेते का?"

"चिडू नका. आणि खाकरू तर मुळीच नका. खाकरलं की घसा सुजतो, सुजला की पुन्हा खाकरावंसं वाटतं. उशाकडून पलंग थोडा उंच करा."

थोडा! मी मेकॅनिक माणूस. कामावरचा जॅकच आणून लावला. सकाळी जागा झालो तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर होतो, अंगावर गादी घेऊन. बायकोचा अबोला कायम होता, पण ती हसताना मी पाहिली.

शुक्रवारी खाकरणं दाबून दाबून मला घाम फुटला होता. तरी सुरुवातीला एक निसटलंच. पण पुढचं वाक्य काय खणखणीत आलं! मी तर निसटलेलं विसरूनच गेलो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "नंतर जरा काटछाट करून घेतो." माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"बावीस वर्षांचा आवाज आहे हा. यातलं तसूभरही कापायचं नाही!"

त्या दुष्टानं ते कागदावर लिहून माझी सही घेतली.

आता चाळीस इमारतींत लिफ्ट आधी खाकरते, मग दार बंद होत असल्याचं सांगते. आत काहीतरी अडकल्याच्या रोज तक्रारी येतात आणि साहेब प्रत्येक ठिकाणी मलाच पाठवतात. मांजर परत आली आहे, तीही माझ्याकडे पाठ करून बसते.

काल सहाव्या मजल्यावरच्या आजीबाई म्हणाल्या, "बिचारीला पित्त असेल हो. आमच्या ह्यांचं अस्संच व्हायचं."

त्यांना चांगलं खडसावायचं म्हणून मी आधी घसा साफ केला. आजीबाईंनी एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.