कारणाचा रकाना

सोलापुरातल्या एका दवाखान्यात, १९३१ च्या उन्हाळ्यात, पाय मोडून दाखल झालेल्या सिदू धनगराला चौथ्या दिवशी गुदद्वारावाटे रक्त जाऊ लागले. दवाखान्याने ही बाब अत्यंत गांभीर्याने घेतली, म्हणजे छापील तक्ता मागवला.

तक्त्यात कारणे सहा: मूळव्याध. भगंदर. जंत. आव. गाठ. दैवी. एकावर खूण झाल्याशिवाय रोग्याला घरी सोडायचे नाही. खुणेला तपासणी हवी, तपासणीचा अधिकार मोठ्या साहेबांचा, आणि मोठे साहेब महाबळेश्वरी. तोवर दाखल झाल्यापासून प्रत्येक रोग्याला नियमाप्रमाणे असतो तो सकाळचा एनिमा चालूच. रक्त गेल्यास संध्याकाळीही.

सिदूची बायको मायाक्का व्हरांड्यात बसून नवरा पांढरा पडताना बघत होती. तिकडे सांगोल्याच्या रानात दीडशे मेंढरं दिराच्या भरवशावर होती, आणि दीर कसला ते मेंढरांनाही ठाऊक होते. ती कारकून गोपाळरावांपुढे उभी राहिली.

"दादा, ह्यांना रगत कशानं जातंय?"

"कारण मिळालं की कळवू."

"पर कुणी बघितलं का?"

"कागद बघितले."

"मेंढीला मागनं रगत आलं की आमी शेपूट उचलून बघतो."

"मेंढीचा तक्ता वेगळा असतो, बाई."

आठवडाभरात वॉर्डातल्या अकराही खाटांवर रक्त. डोळ्याच्या रोग्यालासुद्धा. धाकटे डॉक्टर चिंतामणराव यांना हुरूप आला. साथ म्हटली की अहवाल पुण्याला जातो. एनिमा दिवसातून तीनदा झाला.

अकराव्या दिवशी सिदूला पाणी मागायचेही त्राण उरले नाही. मायाक्काने एनिमाची काचेची तोटी उचलून उन्हात धरली. टोकाचा टवका उडालेला. बोट फिरवले तर टचकन रक्त.

"डाक्टरसायेब, ही फुटलीया की."

चिंतामणरावांनी नोंदवही उघडली. "तोटी एक. स्थिती उत्तम."

"आन हे माझं रगत?"

"तू दाखल नाहीस. तुझं रक्त इथं धरत नाहीत."

मायाक्काने तोटी पदरात बांधली आणि सिद्धेश्वराच्या तळ्यात नेऊन टाकली.

तोटीअभावी एनिमा बंद. तिसऱ्या दिवशी अकराही खाटा कोरड्या. चौथ्या दिवशी सिदूने भाकरी मागितली आणि मेंढरांची नावानिशी चौकशी केली.

चौकशी दवाखान्यानेही केली. निष्कर्ष:

(१) तोटी गेली तेव्हा स्राव थांबला.
(२) तोटी बाईने नेली. अर्थात थांबवणे बाईच्या हाती होते.
(३) सबब इतके दिवस तिने थांबवला नाही.

तक्त्यात हाताने सातवे कारण वाढवून त्यावर खूण झाली: बायको. कारणापासून दूर राहण्याची सक्त ताकीद देऊन सिदूला सोडण्यात आले. तो कारणाच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गावाकडे निघाला.

नवी तोटी आली तेव्हा नारळ फोडून समारंभ झाला. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. पेढा घेतलात, आणि 'तोटी पाहिली, स्थिती उत्तम' या ओळीखाली सगळ्यांबरोबर सही केलीत. तोटी तेव्हा खोक्यातच होती.

उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा.