कंडक्टर मावशीची दुपार

आमच्या गल्लीतून भर दुपारच्या उन्हात सरळ चालत गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. कुरिअरवाला असो, कुणाचा जावई असो, की मत मागायला आलेला असो, वत्सलामावशीच्या फाटकाजवळ आला की आतून हाक येते, "ओ टोपीवाले! काहून मरायलात उन्हात? आत व्हा, आत व्हा!"

आणि माणूस मुकाट्यानं आत होतो. कारण तो आवाज साधा नाही. हिंगोली डेपोच्या गाड्यांवर उभी नोकरी करून कमावलेला आवाज आहे. मागच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलेल्या बिनतिकिट्याला पुढच्या दारातून उठवून बसवणारा.

मावशी माझ्या नात्याची नाही, शेजारीण आहे. रिटायर कंडक्टर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पोरगी पुण्यात. हिंगोलीत होळी जळाली की उन्हाळा लागतो म्हणतात. आमच्या गल्लीत तो मावशीनं कूलर काढला की लागतो. सकाळी अजून गार वारं असतं, लोक चादर घेऊन झोपलेले असतात, आणि मावशी गल्लीत उभी राहून जाहीर करते, "झाला सुरू! आता बारा ते चार कुणी भाहेर दिसलं तर माझ्याशी गाठ हाय!"

तो कूलर हवा कमी आणि आवाज जास्त फेकतो. त्याच्यापुढं बोलायचं म्हणजे पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारल्यासारखं बोलावं लागतं. त्यामुळं मावशीच्या बैठकीत सांगितलेली गुपितं तिसऱ्या गल्लीपर्यंत पोचतात. खिडकीजवळची खुर्ची म्हाताऱ्यांना, दिवाण बायामाणसांना, माझ्यासारख्या धडधाकटाला खाली सतरंजी. "जागा हाय, जरा सरका!" हे ती आत एकटाच माणूस बसलेला असला तरी म्हणते. मग ताक, नाहीतर पन्हं. नको म्हणायची सोय नाही. चार वाजले की स्वतःच तोंडानं "टिंग टिंग" करते. तेव्हा सुटायचं.

मागच्या निवडणुकीत तिनं कहर केला. एका उमेदवाराची चार माणसं प्रचाराला आली, तिनं आत घेतली. मागोमाग विरोधी उमेदवाराची आली, तीही घेतली. एकाच दिवाणावर दोन झेंडे. पाच मिनिटांत एकमेकांच्या आईबापापर्यंत पोचले. मावशी पन्ह्याचा तांब्या घेऊन मधे उभी राहिली.

"गाडीत भांडण न्हाई! भांडायचं तर खाली उतरा!"

खाली म्हणजे अंगणात. अंगणातल्या फरशीवर पापड भाजला असता. कुणी उठलं नाही. चार वाजेपर्यंत त्यांच्यात दोन मेहुणे निघाले आणि एक जुना वर्गमित्र. निवडणुकीत कोण पडलं ते आता कुणाला आठवत नाही, पन्हं आठवतं.

आत बसायला वेळच नसलेल्यांसाठी तिच्याकडे कांदा असतो. उन्हात निघालेल्याच्या खिशात ती कांदा कोंबते. मी मुलगी बघायला जिल्ह्यातल्याच गोरेगावला निघालो तेव्हा नव्या शर्टाच्या खिशात तिनं असाच एक कोंबला. "राहू दे, ऊन बाधत न्हाई." मी विसरलो. तिथं चहा पिताना रुमाल काढायला गेलो आणि कांदा गडगडत थेट मुलीच्या वडिलांच्या पायाशी. मुलगी तोंडाला पदर लावून आत पळाली. वडिलांनी कांदा उचलला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "पोरगं जिवाला जपणारं दिसतंय." जमलं! बायको अजून म्हणते, मी होकार कांद्याला दिला होता.

गेल्या उन्हाळ्यात पोरीनं मावशीला पुण्याला नेलं. तिथं एसी आहे, आराम कर म्हणाली. गल्ली मोकळी झाली. आम्ही दोन दिवस दुपारचे उगाच हिंडलो. आठवडा होत नाही तोच मावशी पिशवी घेऊन परत.

"काय झालं मावशी?"

"काय व्हायचं! समदे दारं लावून बसून राहतेत. रस्त्यावर झाडं, झाडाला सावली. बोलवावं कुणाला?"

आम्ही पोट धरून हसलो.

यंदा चैत्रात एक दिवस आभाळ भरून आलं. वावरात उकडून वाळत घातलेल्या हळदीवर ताडपत्र्या टाकायला लोक पळाले, आणि शहरात मात्र मजा झाली. गार वारं सुटलं, भर दुपारी पोरं सायकली फिरवायला लागली. मी माझ्या मोबाइलच्या दुकानातून जेवायला घरी येत होतो. मावशी फाटकाच्या आत उभी होती. कुरिअरवाला समोरून गेला, हात हलवत म्हणाला, "आज ऊन न्हाई, मावशी!"

"व्हय बाबा. जा," ती म्हणाली. मी तिचा एवढा बारीक आवाज पहिल्यांदाच ऐकला.

घराचं दार उघडं होतं. आत कूलर तसाच गरगरत होता. टीपॉयवर पेले पुसून उपडे मांडले होते, शेजारी ताकाचं पातेलं, वर झाकण.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"जेवीन." ती रस्त्याकडंच पाहत होती. "तुला सांगू का सुनील, नोकरीत शिव्या द्यायची मी गर्दीला. पाय ठेवायला जागा नसायची. आता दुपारी घरात एकटीला घास उतरत न्हाई बघ. ऊन असलं म्हंजे निदान कुणाला तरी आत घेता येतं. आज काय सांगून बसवू?"

मी खिशातून रुमाल काढला आणि कोरडंच कपाळ पुसलं.

"लई उकडून राहिलंय, मावशी. जरा बसू का?"

तिनं आभाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ढग हायेत."

"हायेत."

"वारं बी हाय."

"तरी उकडतंय."

तिनं तोंड फिरवून फाटकाची कडी काढली. मी आत जाऊन बसलो. तिनं दोन ताटं वाढली. पहिला घास घेतो तोच बायकोचा फोन आला, "कुठं हायेत? जेवण निवून राहिलं!"

"मावशीनं धरून ठेवलंय," मी कूलरच्या आवाजावर ताण करत ओरडून सांगितलं. "सोडून न्हाई राहिली!"

मावशीचा घास हातातच राहिला. मग तिनं मान ताणली आणि फोनच्या दिशेनं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "व्हय गं! चारपर्यंत सोडत नसते मी! तू बी ये!"