फरारी जवानाच्या शिक्षेबाबत मोहटेप ग्रामसभेचा ठराव

देश जागेवर उभ्या असलेल्या माणसांवर उभा असतो. ज्याने आपली जागा सोडली त्याने देशाचा एक खांब काढून नेला, आणि खांब काढून नेणाऱ्याला तुरुंगातच धाडले पाहिजे, याबाबत आमच्या मोहटेप गावात कधीही दुमत नव्हते. तसा पूर्वीचा ठरावच आहे. तो ज्या ग्रामसभेत मंजूर झाला तिला पुरेशी माणसे आली नव्हती, म्हणून सभा तहकूब करून थोड्या वेळाने तीच पुन्हा भरवण्यात आली (तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ही लोकशाहीतली फार मोठी सोय आहे) आणि हजर असलेल्या सातही जणांनी हात वर केले. न आलेल्यांचाही पाठिंबा गृहीत धरला आहे. ते आपापल्या कामाला गेले होते, म्हणजे कामाची जागा सोडून इतर सर्वत्र.

मोहटेप शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. गावात शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान, नळपाणी योजना, पोलीस चौकी आणि सार्वजनिक वाचनालय अशा सहा संस्था आहेत. सहाही ठिकाणी माणूस नेमलेला आहे आणि त्याला त्याचे जे मिळायचे ते वेळेवर मिळते, त्याबद्दल एकाचीही तक्रार नाही. वाचनालयाचा ग्रंथपाल मी. सैन्यावर गावाचे प्रेम फार. दर पंधरा ऑगस्टला सरपंच प्रज्वलशेठ नाक्यावर फ्लेक्स लावतात. त्यात मध्यभागी प्रज्वलशेठ असतात आणि खाली कोपऱ्यात जवान असतात. जवान बोटाएवढे दिसतात, पण सीमा लांब असल्यामुळे ते साहजिक आहे.

अशा गावात शेखर गोजर निपजावा, हे दुर्दैव. हा मुलगा सैन्यात होता. चांगला होता म्हणतात. त्याचे वडील काळूराम यांना ऐन आवणीत, म्हणजे भातलावणीत, बांधावर नाग चावला. माणसांनी त्यांना पाठीवर घालून उपकेंद्रात आणले. उपकेंद्राला कुलूप होते. सिस्टर कल्याणला राहतात, पण येतीलच आता, असे म्हणत माणसे बराच वेळ दारापुढे थांबली. मग जीप शोधली. किन्हवली यायच्या आतच काळूराम गेला. माणूस भला होता, दुसऱ्याच्या आवणीला न बोलावता जायचा, आणि तो असा जायला नको होता. रीतसर चौकशी झाली. कुलूप सुस्थितीत असल्याचे आढळून आले.

शेखर रजा काढून आला. दहावे-तेरावे केले, राहिलेली आवणी उरकली. रजेच्या शेवटच्या दिवशी वर्दी घालून, काळी ट्रंक घेऊन तो आईबरोबर, अनिताबाईंबरोबर, एसटीच्या थांब्यावर उभा राहिला. आता आमचा थांबा नेमका उपकेंद्रासमोर आहे (हा शासनाचा नियोजनातील दोष म्हणावा लागेल). एसटी आली. शेखर कुलपाकडे बघत होता. कंडक्टरने दोनदा हाक मारली.

"चल रे बाबा, टाइम झालाय!"

"दार उघडला की जातो," शेखर म्हणाला, आणि ट्रंक उपकेंद्राच्या पायरीवर ठेवून तिच्यावर बसला.

दार उघडले नाही. दुसऱ्या दिवशी एसटी आली, तिसऱ्या दिवशी आली, एसटीचा काही दोष नाही. रजा संपली आणि शेखर गोजर कायद्याने फरारी झाला. ज्या पहाऱ्यावर त्याच्या डाव्या-उजव्या हाताला शंभर जवान होते तो सोडून, ज्यावर कोणीच नव्हते तिथे तो येऊन बसला. कायदा असल्या बारकाव्यात शिरत नाही आणि शिरूही नये.

शेवटी त्यानेच सिस्टरना फोन केला. सिस्टर तत्पर. त्यांनी त्याच दिवशी किल्ली कंडक्टरबरोबर पाठवून दिली.

शेखर काही डॉक्टर नव्हे. पण चावलेल्या माणसाला चालू द्यायचे नाही, जीपवाल्याला आधी सांगून ठेवायचे, आणि शहापूरला फोन करून लस तयार ठेवायला लावायची, एवढे त्याला सैन्यात शिकवले होते. वाडीवरच्या ठकीला फुरसे चावले तेव्हा ती वेळेत शहापुरात पोचली. आठवडाभराने परत आली ती टोपलीभर कर्टोली घेऊन. ही बातमी पसरली आणि गावातल्या सर्व जबाबदार माणसांना एकाच दिवशी एकच गोष्ट सुचली.

प्रथम गुरुजी आले.

"शेखर, पोरांना जरा बघतोस का? बँकेत काम आहे."

बँक बदलापूरला निघाली. मग नळपाणीवाल्याने पंपाची किल्ली दिली, मग रेशनवाल्याने काटा आणून ठेवला. हवालदारसाहेब म्हणाले, "तू वर्दीवालाच आहेस ना, मग चौकी काय नि उपकेंद्र काय!" आणि चौकीचा फोन त्याच्याकडे वळवून टोकावड्याला सासुरवाडीस गेले. मीही वाचनालय त्याच्यावर सोपवले. वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर बोलायला मला सारखे मुरबाडला जावे लागते, आणि दोन्हीकडे लक्ष देणे जमत नाही.

उपकेंद्र सोडून शेखर हलत नसे. त्यामुळे शाळा उपकेंद्राच्या पडवीत भरू लागली आणि रेशन पायरीवर वाटले जाऊ लागले. मी केलेल्या पाहणीनुसार मोहटेपमधील शासकीय उपस्थिती पूर्वी दररोज सरासरी शून्य पूर्णांक चार माणूस होती, ती थेट एक माणूस झाली. वाढ दीडशे टक्के. जिल्ह्यात कोठेही एवढी वाढ झाली असेल असे वाटत नाही. अर्थात त्रासही झाला. नळाला रोज पाणी येऊ लागल्याने लोक गोंधळले. तांदूळ पुरता मोजून मिळू लागल्यावर काट्यात बिघाड आहे अशी शंका येऊन दोन अर्ज पडले. पण गावाने सहन केले. रोज संध्याकाळी पारावर बसून आम्ही फरारी जवानांना तुरुंगात घालण्याच्या बाजूने बोलत असू, आणि तसे बोलायला आता वेळही भरपूर मिळत होता.

दसऱ्याच्या सुमाराला चौकीच्या नावे कागद आला. सदर इसम आढळल्यास ताब्यात घेऊन पलटणीकडे सुपूर्द करावे. कागद चौकी सांभाळणाऱ्या माणसाने घेतला, म्हणजे सदर इसमाने. त्याने हवालदारसाहेबांना फोन लावला.

"साहेब, माझ्या नावाचा कागद आलाय. मला पकडायला या."

"आज?" साहेब म्हणाले. "आज मेव्हण्याचा साखरपुडा आहे रे. पुढच्या आठवड्यात बघू. तोवर तू चौकी सोडून कुठं जाऊ नको."

यापेक्षा कडक नजरकैद मी तरी ऐकलेली नाही.

मात्र गोष्ट फुटली, आणि गाव हादरले. ताबडतोब ग्रामसभा बोलावण्यात आली. ही सभा तहकूब करावी लागली नाही. गुरुजी बदलापुराहून आले, सिस्टर कल्याणहून आल्या (त्यांना उपकेंद्र कुठे आहे हे विचारावे लागले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितले). प्रज्वलशेठ अध्यक्षस्थानी होते. ते म्हणाले, फरारी जवानाला तुरुंगात पाठवलेच पाहिजे, या तत्त्वावर गाव ठाम आहे. टाळ्या झाल्या. फक्त तुरुंग कुठला, एवढाच प्रश्न आहे. मग मी मसुदा वाचून दाखवला. त्यातली भाषा माझी आहे, विचार सर्वांचे.

"सदर गुन्हेगारास सक्तमजुरीची शिक्षा व्हावी. ही शिक्षा त्याने मोहटेप उपकेंद्रात भोगावी. मजुरीचे स्वरूप: सकाळी पंप चालू करणे, त्यानंतर पाचपर्यंत शाळा घेणे, शनिवारी रेशन वाटणे, चौकीचा फोन उचलणे, वाचनालयातील पुस्तकांवरची धूळ पुसणे. सर्पदंश कोणत्याही वेळी. शिक्षेत सूट मिळू नये. शक्यतो जन्मठेप व्हावी."

हात वर करायला सांगताच सगळे हात वर गेले. एवढी एकजूट मी गावात पूर्वी कधी पाहिली नव्हती आणि, खरे सांगतो, मला भरून आले.

तेवढ्यात शेखर उठला. त्याला बोलायला कोणी सांगितले नव्हते.

"गुन्हा केलाय मी," तो म्हणाला. "माझ्या जागी तिकडं दुसऱ्या कुनाला तरी डबल ड्युटी लागली असंल. तो पन कुनाचा पोरगाच हाय. मला जायाचा हाय, शिक्षा घ्यायाची हाय. पन इथं कोन बसनार? एक नाव सांगा. उद्या निघतो."

सभेत सुचवलेली नावे पुष्कळ होती. गुरुजींनी सिस्टरचे सुचवले, सिस्टरनी नळपाणीवाल्याचे, त्याने माझे. स्वतःचे नाव सुचवणे हे आमच्याकडे आत्मप्रौढी समजले जाते.

मागून अनिताबाई बोलल्या. "नवरा गेला माझा. आता पोराला जेलात धाडताय, धाडा, त्यानं केलाय ना, भोगंल तो. पन त्याला इथं कोंडून तुमी मोकळं फिरनार, ह्यो कंचा न्याय? तुमी काय त्याच्यावर दया नाय करत. तुमी स्वतःवर करताय."

बाई दुःखात होत्या, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. पण प्रज्वलशेठ तडफेचे. त्यांनी तिथल्या तिथे पाळी लावली. रोज एकाने उपकेंद्र उघडून बसायचे, जीपवाल्याचा नंबर भिंतीवर. पहिल्या दिवशी स्वतः शेठ, मग गुरुजी, मग हवालदार, चौथा मी, आणि असेच पुढे. सर्वांनी गावदेवीची शपथ घेतली. शेखरने प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितले. सैन्यात पाळी लावली की माणूस येतो, अशी त्याची समजूत होती. इतकी वर्षे गावाबाहेर राहिल्याचा हा परिणाम.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो गेला. आई थांब्यावर होती, आणि ठकी तिची सून रविना हिला घेऊन आली होती. पोलिसांनी नेले नाही. त्याचा तोच शहापूरला उतरून पुढे पलटणीत हजर झाला. त्याला तुरुंग लागला असे कळते. किती, ते अजून कळलेले नाही.

पहिल्या दिवशी प्रज्वलशेठ मुरबाडला एका वाढदिवसाला गेले. दुसऱ्या दिवशी गुरुजींना बँकेत काम निघाले. तिसऱ्या दिवशी साखरपुड्यापाठोपाठ लग्न निघाले. चौथ्या दिवशी भात कापताना रविनाला फुरसे चावले. ठकीने तिला पाठीवर घालून उपकेंद्रात आणले, कारण तिथे माणूस असतो हे तिला अनुभवाने माहीत होते. दोघी दारापुढे बसून राहिल्या. मागून अनिताबाई धावत आल्या आणि त्यांनी घरोघर हिंडून जीप मिळवली. रविनाला शहापुरातून ठाण्याला हलवले. ती वाचली, पण पाय गुडघ्यापासून गेला. काळूरामच्या वेळचा निकाल लक्षात घेता सुधारणाच म्हणायची.

गाव संतापले. संतापायलाच हवे होते. पुन्हा सभा झाली. त्या दिवशी पाळी कोणाची होती, असा एक क्षुल्लक मुद्दा ठकीने काढला. पण व्यक्तिगत पातळीवर उतरायचे नाही असे मीच सभेला बजावले, आणि सभेने ते मानले. मूळ प्रश्न वेगळा आहे. उपकेंद्र चालवत कोण होता? शेखर. ते सोडून गेला कोण? शेखर. बदली माणूस खरोखर येऊन बसला आहे याची खात्री न करता तो गेला. एवढेच नव्हे, तर शाळा, पंप, रेशन, चौकी आणि वाचनालय अशा आणखी पाच जागा त्याने एकाच एसटीने सोडल्या. सैन्यातून पळताना त्याने एकच जागा सोडली होती. तेव्हा आधीच्या गुन्ह्याच्या सहापट शिक्षा त्याला व्हावी, असा ठराव एकमताने मंजूर झाला आहे.

ठराव पलटणीकडे पाठवण्यापूर्वी त्यावर जास्तीत जास्त सह्या हव्यात. मोहटेपच्या झाल्या. जागा सोडणाऱ्याची चीड तुम्हालाही आहेच, म्हणून तुमच्यासाठी एक कोरे पान जोडून ठेवले आहे. ज्यांना रविनाबद्दल वाईट वाटले त्यांनीही यावे. त्यांना उपकेंद्राच्या पाळीत एक दिवस देता येईल, नावे अजून हवीच आहेत. कामाच्या दिवशी कधीही वाचनालयात या. मी तिथे नसेन. पण तुम्ही तरी कुठे येणार आहात म्हणा.